२ मीटरची यूएसबी केबल आणि १४८.५ मेगाहर्ट्झ : एवढ्याशा डब्यात ईएमआय फिल्टर बसवायचा तरी कुठं?

शिरोली_कॅमेरा
नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या, पण तीन आठवडे डोक्यात दुसरं काहीच नाही.

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. फौंड्रीवाल्यांसाठी कास्टिंगवरचे क्रॅक आणि ब्लोहोल कॅमेऱ्यानं शोधणारा डबा बनवतो. डबा ११० बाय ८० बाय ४० मिमी, अ‍ॅल्युमिनियमचा, वरनं पावडर कोटिंग. आत चार लेयरचा बोर्ड, कॅमेरा सेन्सर फ्लेक्सवर (वाकणाऱ्या पट्टीसारख्या केबलवर), इनपुट २४ व्होल्ट, आतला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा) ४०० किलोहर्ट्झचा आणि पीसीकडं जाणारी २ मीटरची यूएसबी २.० केबल. एका एक्स्पोर्टवाल्या गिऱ्हाइकाला सीई (युरोपात माल विकायला लागणारी खूण) पाहिजे म्हणून पुण्याला ईएमआयच्या, म्हणजे डब्यातनं बाहेर पडणाऱ्या विद्युत गोंधळाच्या चाचणीला गेलो, मानक सीआयएसपीआर ११, ग्रुप १, क्लास ए (कारखान्यातल्या उपकरणांचा). कंडक्टेड म्हणजे तारेतनं जाणारा गोंधळ, १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ, त्यात सुटलो, रेडिएटेडला म्हणजे हवेतनं जाणाऱ्याला मात्र पडलो. ३ मीटरवर २३० मेगाहर्ट्झच्या खाली लिमिट ५० डीबी मायक्रोव्होल्ट पर मीटर, आमचे आले १४८.५ ला ५७ आणि २२२.७५ ला ५३.

फिल्टर घातलेच नव्हते असं नाही. यूएसबीच्या डेटा लाइनवर कॉमन मोड चोक आहे, ९० ओहमचा, सगळ्या सप्लायवर ६०० ओहमचे फेराइट बीड (वरच्या फ्रीक्वेन्सीचा गोंधळ अडवणारे मणी) आहेत, १०० नॅनोफॅरॅडचे कॅपॅसिटर तर मोजायला नकोत एवढे. एका विक्रेत्यानं मुठीएवढा धातूचा तयार फिल्टर दाखवला, तो आमच्या डब्यात मावणार नाही आणि मावला तरी १५० मेगाहर्ट्झला काय करणार हे त्याला सांगता येईना. लहान जागेत काय करता येतं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज, पुढच्या महिन्यात परत स्लॉट घेतलाय.

पॅनेलवाला_गोकुळशिरगाव
भावा, आधी एक सांग, पावडर कोटिंगवर डायरेक्ट स्क्रू मारलायस काय? झाकण आणि खालचा डबा ह्यांच्यात मल्टिमीटर लावून बघ. बाकीचं नंतर.

नवशिक्या_इचलकरंजी
मी डिप्लोमाला आहे, प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. कॉमन मोड चोक आणि साधी कॉइल ह्यात फरक काय? दोन्हीकडं फेराइटच असतं की.

रंकाळा_हॅम
१४८.५ भागिले ७४.२५ किती? बरोब्बर २. २२२.७५ भागिले ७४.२५ बरोब्बर ३. तुमच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल क्लॉक (चित्राचे ठिपके पाठवायचा ठोका) ७४.२५ मेगाहर्ट्झ आहे ना? असला तर यूएसबीचा स्वतःचा गोंधळ हा नव्हे, तो असता तर २४० आणि ४८० ला दिसला असता. कॅमेऱ्याच्या क्लॉकचे हार्मोनिक (त्याच्या पटीतल्या फ्रीक्वेन्सी) यूएसबी केबलवर चढून बाहेर पडतायत असा माझा अंदाज. आणि १४८.५ ला तरंगलांबी येते २ मीटर आणि वर थोडी, तुमची केबल किती? २ मीटर. चांगला अँटेना बांधून दिलाय तुम्ही. आमचा हौशी रेडिओवाल्यांचा १४४ ते १४६ चा हॅम बँड शेजारीच आहे त्यामुळं मला ह्या विषयात जरा जास्तच जीव आहे.

शिरोली_कॅमेरा
हो!! पिक्सेल क्लॉक ७४.२५ च आहे. हा भागाकार मी तीन आठवड्यांत केला नाही. आणि @पॅनेलवाला काका, मल्टिमीटर लावला, झाकण आणि डबा ओपन दाखवतोय. डबा आणि यूएसबी कनेक्टरची बॉडी पण ओपन. चाचणीच्या दिवशी यूएसबी केबल काढून बघितली होती (डबा आतनं चालू ठेवून), तेव्हा १४८.५ चं ५७ वरनं ४६ वर आलं होतं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता.

चार_लेयर
मी मूळची राजारामपुरीची, पुण्यात बोर्ड डिझाइन करते, दहा-बारा वर्षं हेच काम.

आधी नवशिक्याचा प्रश्न, कारण तो बाळबोध अजिबात नाही, ह्या धाग्यातलं निम्मं उत्तर त्यातच आहे. उसाच्या रानात दोन पाट शेजारी शेजारी आहेत असं धर. एकातनं पाणी जातं, दुसऱ्यातनं तेवढंच परत येतं. हा डिफरन्शियल मोड, म्हणजे तुझा खरा सिग्नल. आता दोन्ही पाटांतनं थोडं थोडं पाणी झिरपतं, ते दोन्हीकडनं एकाच दिशेला जातं आणि शेजाऱ्याच्या रानातनं कुठनंतरी फिरून विहिरीला येतं. हा कॉमन मोड. पाटातलं पाणी कितीही असो, शेजारी भांडायला येतो तो झिरपलेल्यासाठी. कॉमन मोड चोकमध्ये दोन्ही तारा एकाच गाभ्यावर अशा गुंडाळतात की जाणाऱ्या-येणाऱ्या करंटचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खोडून काढतं, त्यामुळं सिग्नलला चोक जवळजवळ दिसतच नाही आणि लोड करंटनं गाभा सॅच्युरेटही (चुंबकत्वानं भरून निकामी) होत नाही. दोन्हीतनं एकाच दिशेनं जाणाऱ्या करंटला मात्र पूर्ण अडथळा. साधी कॉइल दोघांनाही अडवते, ४८० मेगाबिटच्या यूएसबीवर ती लावलीस तर सिग्नलच मरेल.

झिरपणारं पाणी किती कमी पुरतं बघा : १ मीटरच्या केबलवर ५० मेगाहर्ट्झला फक्त ५ मायक्रोअँपिअर कॉमन मोड करंट असला तर ३ मीटरवर ४० डीबी मायक्रोव्होल्ट पर मीटर भरतं, म्हणजे घरगुती क्लास बीचं लिमिट संपलं. सिग्नलमध्ये मिलिअँपिअर वाहतात आणि नापास करतात ते हे मायक्रो.

आता @शिरोली_कॅमेरा, चोक बोर्डवर नेमका कुठं आहे? कनेक्टरपासून किती मिमी? आणि फ्लेक्स कुठनं जाते? लेआउटचा फोटो टाका.

शिरोली_कॅमेरा
फोटो टाकला ताई. चोक प्रोसेसरच्या जवळ आहे, कनेक्टरपासून ४५ मिमी लांब. डेटाशीटमधल्या चित्रात प्रोसेसरशेजारी दाखवला होता म्हणून तसाच ठेवला. फ्लेक्स त्या ४५ मिमीच्या वरनंच आडवी जाते, झाकण लावल्यावर ट्रेसला टेकतच असेल.

चार_लेयर
मग सापडलं. चोकपर्यंत यूएसबी स्वच्छ होते आणि चोकच्या पुढं ४५ मिमी उघड्या रस्त्यावर फ्लेक्समधला ७४.२५ चा क्लॉक परत तिच्यावर बसतो. चोक काम करतोय हो, पण प्रवासी त्याच्या पुढच्या स्टॉपला चढतोय. बाहेर जाणाऱ्या तारेचा फिल्टर ती तार डब्यातनं जिथनं बाहेर पडते तिथंच पाहिजे, ४-५ मिमीच्या आत, आणि फिल्टर ते कनेक्टर ह्या पट्ट्यात, वर किंवा खाली, दुसरं काहीही जाता कामा नये.

दुसरं. डेटा लाइनवरचा चोक फक्त डी प्लस आणि डी मायनसचा करंट अडवतो. केबलमध्ये ५ व्होल्टची तार आहे, ग्राउंडची आहे, वरनं शील्ड आहे. शील्डवरनं जाणाऱ्या करंटला तुमचा चोक दिसतच नाही. तुमच्या कनेक्टरची बॉडी डब्याला लागलेलीच नाही म्हणजे शील्ड बोर्डच्या ग्राउंडला लटकतंय, आणि त्या ग्राउंडवर जो काही क्लॉकचा गोंधळ आहे तो सरळ २ मीटरच्या शील्डवर. पॅनेलवाल्या काकांनी पहिल्याच प्रतिसादात हेच विचारलं होतं.

पॅनेलवाला_गोकुळशिरगाव
ताई, आमचं शिक्षान आयटीआय, पण तीस वर्षं पॅनेल बांधालोय. फौंड्रीत इंडक्शन फर्नेस चालू झाली की शेजारच्या वजनकाट्याचा आकडा नाचायचा, मालकानं दोनदा काटा बदलला. मी गेलो तर इनपुटला फिल्टर बसवल्याला, चांगला महागातला, पण रंगीत प्लेटवर. चार स्क्रू आणि खाली रंग, बॉडी प्लेटला लागलीच न्हाई. वरनं अर्थिंगला हातभर हिरवी वायर वेटोळं करून. ५० हर्ट्झच्या शॉकसाठी ती वायर बरोबर हाय, ती काढायची न्हाईच, पण मेगाहर्ट्झला ती वायर म्हंजे कॉइल. रंग खरवडला, तारेच्या ब्रशनं घासलं, स्टार वॉशर घातलं, काटा शांत.

आणि अजून एक लई ठिकाणी बघितलंय. फिल्टरची येणारी वायर आणि जाणारी वायर एकाच केबल टायमध्ये बांधत्यात, दिसायला नीट दिसावं म्हणून. मग फिल्टर मधी बसून काय करणार? घाण वायरीवरनं शेजारच्या वायरीवर उडी मारून पुढं. येणारी एकीकडनं, जाणारी दुसरीकडनं, मधी प्लेटची भिंत. तुमच्या बोर्डवर झालंय ते ह्येच, फक्त मिलिमीटरात.

नवशिक्या_इचलकरंजी
ताई पाटाचं उदाहरण आयुष्यभर लक्षात राहील. मग बीड वाढवून चालणार नाही का? ६०० च्या जागी १००० ओहमचे? आमच्यात यंत्रमागाच्या ड्राइव्हला वायरीवर क्लिपवाले फेराइट लावतात, जितके जास्त तितकं चांगलं म्हणतात.

मास्तर_कागल
बीडबद्दल मी सांगतो, हा भाग मी बरीच वर्षं शिकवला आहे आणि मुलं दर वर्षी इथंच अडतात.

६०० ओहम हा आकडा १०० मेगाहर्ट्झवरचा आणि डीसी करंट शून्य असतानाचा. बीडमधनं त्याच्या रेटिंगच्या निम्मा करंट जरी सोडला तरी गाभा सॅच्युरेशनकडं सरकतो आणि इम्पीडन्स (म्हणजे अडथळा) चांगलाच घसरतो. १ अँपिअर लिहिलेल्या बीडमधनं अर्धा अँपिअर घेताय आणि ६०० धरून गणित करताय तर ते गणित चुकलं. चांगल्या डेटाशीटमध्ये डीसी बायसचे आलेख असतात, नसतील तर तो बीड सप्लायला घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. कमी फ्रीक्वेन्सीला बीड म्हणजे साधा इंडक्टर, धरा १ मायक्रोहेन्री. पुढं १० मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक. ह्या जोडीचा रेझोनन्स येतो ५० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तिथं हा तुमचा फिल्टर नॉइज कमी करायच्या ऐवजी वाढवतो. लोड झटक्यानं बदलला की सप्लाय डुलायला लागतो, कॅमेऱ्याच्या चित्रात आडव्या पट्ट्या येतात आणि आपण सेन्सरला दोष देतो. उपाय सोपा आहे, शेजारी एक मोठा कॅपॅसिटर आणि त्याच्या सिरीजमध्ये पाव-अर्धा ओहम, डुलणं थांबतं.

यंत्रमागाच्या ड्राइव्हचं वेगळं. तिथला त्रास किलोहर्ट्झपासून सुरू होतो. त्या पट्ट्यात मँगनीज-झिंक फेराइट किंवा नॅनोक्रिस्टलाइन गाभा चालतो, त्याची पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्र धरायची ताकद) हजारांत असते पण काही मेगाहर्ट्झच्या पुढं ती उतरते. १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला निकेल-झिंक. दोन्ही दिसायला काळेच, दुकानात विचारूनच घ्यावे. फेराइटचा शोध १९३० सालचा, टोकियोत काटो आणि ताकेई ह्या दोघांचा, आणि तो माल विकायला १९३५ साली जी कंपनी निघाली ती आजची टीडीके. म्हणजे आपण ज्या मण्याकडं बघत पण नाही त्याला नव्वदच्या वर वर्षं झाली, मला ह्याचं फार अप्रूप वाटतं.

शिरोली_कॅमेरा
सर, चित्रातल्या आडव्या पट्ट्या!! आमच्याकडं येतात. फर्मवेअरमध्ये शोधत होतो सहा महिने.

चार_लेयर
सरांच्या बोलण्याला जोडून कॅपॅसिटरचं. १०० नॅनोफॅरॅडचा साधा दोन टोकांचा चिप कॅपॅसिटर बोर्डवर बसला की वाया (एका लेयरमधनं दुसऱ्या लेयरला जोडणारं तांब्याचं भोक) धरून त्याचं इंडक्टन्स साधारण १ नॅनोहेन्री होतं, म्हणजे १६ मेगाहर्ट्झनंतर तो कॅपॅसिटर राहतच नाही, इंडक्टर होतो. १५० मेगाहर्ट्झला १ नॅनोहेन्री म्हणजे जवळपास १ ओहम, ठीक आहे, चालवून घेऊ. पण तुमच्या फोटोत कॅपॅसिटरपासून ग्राउंडच्या वायापर्यंत ५ मिमीची बारीक ट्रेस दिसतीय. दर मिमीला पाऊण ते एक नॅनोहेन्री धरा. झाले ५-६ ओहम. दहा कॅपॅसिटर लावा असे, काय फरक पडणार.

इथं तीन टोकांचा फीडथ्रू कॅपॅसिटर वापरा. सप्लाय त्याच्या आतनं एका टोकाकडनं दुसऱ्या टोकाला जातो आणि ग्राउंडची टोकं दोन्ही बाजूंना, त्यामुळं ग्राउंडकडं जाणारं इंडक्टन्स काही दहा पिकोहेन्रीपर्यंत खाली येतं. आकार तोच, १.६ बाय ०.८ मिमी. फक्त त्याच्या ग्राउंड पॅडखाली लगेच वाया द्या, दोन्ही बाजूंना दोन-दोन, नाहीतर पैसे पाण्यात.

लहान फिल्टर म्हणजे नाइलाजानं घेतलेली तडजोड असं बऱ्याच जणांना वाटतं. खाली १५० किलोहर्ट्झला ते खरं आहे, तिथं मोठं इंडक्टन्स लागतं आणि त्याला जागा लागते. पण १०० मेगाहर्ट्झच्या वर लहानच चांगला, कारण करंटला परत घरी यायचा रस्ता जेवढा आखूड तेवढा फिल्टर खरा. तो मुठीएवढा धातूचा डबा घेतला नाहीत ते बरंच केलंत.

आणि ९० ओहमबद्दल. यूएसबीच्या दोन ट्रेसमधला डिफरन्शियल इम्पीडन्स ९० ओहम पाहिजे, आणि तुमच्या चोकवर ९० ओहम लिहिलंय तो १०० मेगाहर्ट्झला कॉमन मोडला होणारा अडथळा. ह्या दोन ९० चा एकमेकांशी काही संबंध नाही! जास्त ओहमचा चोक घेता येतो, पण तो हाय स्पीड यूएसबीसाठीच बनवलेला असावा आणि बसवल्यावर आय डायग्राम (सिग्नल किती स्वच्छ आहे ते दाखवणारं डोळ्यासारखं चित्र) बघाच, डोळा मिटत असेल तर परत कमी ओहमवर या.

सगळ्यात स्वस्त फिल्टर शेवटी सांगते. क्लॉक जिथनं निघतो तिथं सिरीजमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर. १ नॅनोसेकंदाची कड म्हणजे ३०० मेगाहर्ट्झच्या पुढंपर्यंत हार्मोनिकमध्ये दम असतो, कड थोडी मंद केली की वरचा सगळा गाळ बसतो. सेटअप आणि होल्ड टाइम (क्लॉकच्या कडेआधी आणि नंतर डेटा स्थिर राहायला लागणारा वेळ) तेवढा तपासा.

वडणगे_टेक
आम्ही दूध संस्थांच्या फॅट मशीनला डिस्प्ले बोर्ड देतो, वाचून वाचून आमच्या तीन चुका सापडल्या. एक शंका, २३० व्होल्टच्या बाजूला वाय कॅपॅसिटर (लाइन आणि अर्थ ह्यांच्या मध्ये बसणारे) मोठे टाकले तर?

मास्तर_कागल
जपून. ४.७ नॅनोफॅरॅडचा एक वाय कॅपॅसिटर २३० व्होल्ट ५० हर्ट्झला सुमारे ०.३४ मिलिअँपिअर अर्थकडं सोडतो. एका मशीनला काही नाही, पण एका लाइनवर अशी तीसेक मशीनं असतील तर १० मिलिअँपिअर झाले आणि ३० मिलिअँपिअरवाला आरसीसीबी (गळती करंटला पडणारा स्विच) मधनंच पडायला मोकळा. आणि गावात अर्थिंग तुटलेलं असेल तर तोच करंट मशीनच्या पत्र्यावर हात ठेवणाऱ्याला मुंग्या आणतो. त्यापेक्षा कॉमन मोड चोक मोठा करा आणि कॅपॅसिटर लहान ठेवा. आणि वाय लिहिलेलाच घ्या, साधा सिरॅमिक तिथं कधीही नाही, तो शॉर्ट होऊन फुटला तर माणूस जातो.

शिरोली_कॅमेरा
मंडळी, आठ दिवसांनी येतोय, कामाला लागलो होतो. पण लॅबमध्ये न जाता फरक पडला का हे कसं बघू? दर वेळी पुण्याला जाणं परवडणार नाही.

रंकाळा_हॅम
टायनीएसए नावाचा खिशात मावणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती सिग्नल ते दाखवणारा) मिळतो, तुमच्या कामाला पुरेसा. क्लिपवाला फेराइट घ्या, त्यावर पातळ वायरचे चार-पाच वेढे, वेढ्यांची दोन टोकं कोअ‍ॅक्सला आणि कोअ‍ॅक्स अ‍ॅनालायझरला. हा क्लिप यूएसबी केबलवर कनेक्टरजवळ बसवा. केबलवरचा कॉमन मोड करंट सरळ दिसतो, आकडा अचूक नाही पण आधी आणि नंतर ह्यातला फरक खरा असतो. केबल एकाच जागी चिकटपट्टीनं बांधून ठेवा, हललं की आकडा बदलतो. आधी डबा बंद करून एकदा बघून घ्या, ८८ ते १०८ मध्ये जे उभं दिसेल ते एफएम रेडिओ, ते तुमचं नव्हे. आतल्या भागात शोधायला कोअ‍ॅक्सच्या टोकाचं बोटाच्या पेराएवढं वेटोळं करून बोर्डवरनं फिरवा.

शिरोली_कॅमेरा
केलं. एकेक बदल करून लिहून ठेवलंय, सगळे आकडे १४८.५ चे, क्लिपवर मोजलेले.

फ्लेक्स यूएसबी ट्रेसवरनं उचलून दुसऱ्या बाजूनं फिरवली आणि डब्याच्या पत्र्याला चिकटवली : ४ डीबी खाली.
डब्याचे चार बॉस, झाकणाची कड आणि कनेक्टरची जागा पॉलिश पेपरनं घासून उघडी केली, कनेक्टरच्या बॉडीभोवती कंडक्टिव्ह गॅस्केट : अजून ६ डीबी.
क्लॉकला ३३ ओहम : अजून ३.
गंमत म्हणून परत रंगाचा डबा लावून फक्त ३३ ओहम ठेवला तर १ डीबीसुद्धा धड मिळेना. म्हणजे ह्या आकड्यांची सरळ बेरीज होत नाही, एक मोठं भोक उघडं असताना बारीक भोकं बुजवून काही दिसत नाही, असं मला समजलं. चूक असेल तर सांगा.

नवीन बोर्डमध्ये चोक कनेक्टरपासून ४ मिमीवर घेतला, ५ व्होल्ट, २४ व्होल्ट आणि कॅमेऱ्याच्या सप्लायवर तीन टोकांचे कॅपॅसिटर, बीडपुढं सरांनी सांगितलेला मोठा कॅपॅसिटर आणि त्याच्या सिरीजमध्ये अर्धा ओहम. चित्रातल्या पट्ट्या गेल्या.

चार_लेयर
बरोबर समजलंय. म्हणूनच एक बदल करून फरक दिसला नाही तर तो काढून टाकू नका, ठेवा आणि पुढचं भोक शोधा. मोठं बुजलं की आधीच्याचा फायदा दिसायला लागतो. बरेच जण इथं कंटाळून चांगला उपाय फेकून देतात.

पॅनेलवाला_गोकुळशिरगाव
घासल्याली जागा उघडी ठेवू नको भावा, फौंड्रीतली हवा हाय, अ‍ॅल्युमिनियमवर थर चढंल आणि वर्षात परत ओपन. कोटिंगवाल्याला मास्किंग टेप लावायला सांग, आतनं क्रोमेट कन्व्हर्जन करून घे, ते करंट जाऊ देतंय. अ‍ॅनोडायझिंग सांगू नको, ते इन्सुलेटर असतंय.

शिरोली_कॅमेरा
काका हे सोन्यासारखं सांगितलंत, ड्रॉइंगमध्ये तशी नोट टाकली.

आणि आज चाचणी झाली. १४८.५ ला ४४. २२२.७५ ला ४३. लिमिट ५०. ईएसडी (स्थिर विजेचे झटके) आणि बर्स्ट (सप्लायवरच्या झटपट झटक्यांची माळ) पण त्याच डब्यानं सोसले, गेल्या वेळी बर्स्टला कॅमेरा हँग व्हायचा. गाडीत बसूनच लिहितोय, किणी टोलनाका गेला. तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

नवशिक्या_इचलकरंजी
दादा जबरदस्त!! सुट्टीत तुमच्याकडं येऊन बघितलं तर चालेल का?

पॅनेलवाला_गोकुळशिरगाव
नाद खुळा! आता परत्येक डब्याला झाकण ते बॉडी मल्टिमीटर लावूनच पॅकिंग करायचं, एक पण सोडू नको.

शिरोली_कॅमेरा
हो काका, पॅकिंगच्या टेबलावर मीटर बांधूनच ठेवलाय. @नवशिक्या कधीही ये, शिरोलीच्या सांगली फाट्यावर उतर आणि इथं निरोप टाक, न्यायला येतो.

रंकाळा_हॅम
रविवारी सकाळी नवीन डबा घेऊन माझ्या गच्चीवर या. १४५ वर रिसीव्हर लावून ठेवतो, शेजारी डबा चालू करून बघू. जुना रंगीत डबा पण आणा, फरक कानानं ऐकायचाय मला.

शिरोली_कॅमेरा
दोन्ही आणतो. आणि तीच २ मीटरची केबल.